सहाव्या पानावरचे चौघे

ठकी नेमकी जेवणाच्या वेळेला आली, हे धाकट्याला सगळ्यात जास्त खटकलं. सव्वीस वर्षांनी यायचं तर आधी निरोप द्यावा, नाहीतर जेवणं उरकल्यावर तरी यावं, म्हणजे दारातच चार शब्द बोलून वाटेला लावता येतं. ताटं मांडलेली असताना दारात उभ्या राहिलेल्या सख्ख्या बहिणीला 'आत ये' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. धाकट्याच्या बायकोने तर तेवढंही म्हटलं नाही. तिने फडताळातून पाचवं ताट काढलं, पदराने पुसलं आणि आपल्या शेजारी ठेवलं.

दादा आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीला पाठ करून बसले होते. ठकीला पाहिल्याबरोबर त्यांचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला आणि पेला रिकामा आहे हे माहीत असूनही त्यांनी तो तोंडाला लावला.

तिचे केस पिकले होते. वारा आणि ऊन खाऊन चेहरा रापला होता. चालताना ती किंचित पुढे झुकत होती, चढावरच्या माणसांसारखी. पण बसायच्या आधी खुर्ची इंचभर मागे ओढायची तिची लहानपणची खोड तशीच होती. दादांनी ती पाहिली आणि मान खाली घातली.

'किती दिवसांनी' वगैरे कोणी म्हणालं नाही. ठकीने एका मेंढपाळाशी लग्न केलं तेव्हा बाबांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी ते ठरलेलं कोणी मोडलं नव्हतं, निव्वळ आळसाने म्हणा किंवा लाजेने. आता ती स्वतःच समोर बसल्यावर नाव घेण्या-न घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

तिने दोन घास खाल्ले आणि कापडी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. कागद पाहताच दादांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

तो खोऱ्याच्या शेती-आराखड्याचा सहावा कागद होता. पुढची दहा वर्षं खोऱ्यात पाणी कसं वापरायचं, जमिनीचा कस कसा राखायचा, कुठे काय पेरायचं, हे त्या आराखड्याने ठरणार होतं, आणि तो त्याच दिवशी दुपारी शेतकरी संघाच्या गोदामात सगळ्यांपुढे मंजूर व्हायचा होता. तो तयार केला होता धाकट्याच्या मुलीने. शेती खात्यात लागल्यापासूनचं हे तिचं पहिलं मोठं काम. तिचा हट्ट असा, की आराखडा कचेरीत बसून लिहायचा नाही. बागायतदार, छोटे शेतकरी, पाणीवाटपवाले, शेतमजूर बायका, मधमाश्या पाळणारे, मेंढपाळ आणि व्यापारी अशा सातही गटांना त्यांच्या जागी जाऊन विचारायचं, आणि प्रत्येकाचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत एकेका पानावर मांडायचं. हे टिपून घ्यायला घरातलाच माणूस तिला मिळाला. दादा शेती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते, बायको गेल्यापासून धाकट्याच्या घरी वरच्या खोलीत राहत होते, आणि त्यांच्या हातून कधी काही चुकीचं लिहिलं जाईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

सहा पानं त्यांनी जिवापाड मेहनत घेऊन लिहिली. शेतमजूर बायकांच्या मागे बांधाबांधाने हिंडले, मधमाश्यांनी दोनदा फोडून काढलं तरी वही सोडली नाही. मेंढपाळांचं पान तेवढं त्यांनी आपल्या टेबलाशी बसून लिहिलं. वर डोंगरावर जाऊन कोणाला काही विचारलं नाही. वर ठकी होती.

आणि नेमकं तेच पान सगळ्यांना आवडलं. पुतणी नव्या लोकांना शिकवताना तेच वाचून दाखवत असे. ऐकून घ्यायचं म्हणजे कसं, ते काकांकडून शिका, म्हणत असे.

"हे वर शाळेतल्या मास्तरांनी सगळ्यांना वाचून दाखवलं," ठकी म्हणाली. "चार मेंढपाळ हजर होते, त्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर हे सांगितलं, असं लिहिलंय. ते चौघं कोण, दादा? एवढंच विचारायला आले."

धाकट्याने दादांना बोलूच दिलं नाही. अट आहे तर आहे, तो म्हणाला, उगाच जेवणात माती कालवू नकोस. त्याला घाई होती त्यालाही कारण होतं. त्या पानावर मेंढपाळ स्वतःच म्हणत होते की ताज्या लेंडीखताने जमीन जळते, ते वर्षभर कुजवावं लागतं. त्या आधारावर आराखड्यात कलम घातलं होतं, की पहिली तीन वर्षं कापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवायच्या नाहीत. धाकटा संघाचा चिटणीस. त्याने कापणीनंतर उरलेले खुंट जमिनीत गाडणारं नवं यंत्र आणलं होतं आणि त्याला शेतात मेंढ्या नकोच होत्या. मेंढपाळांच्याच तोंडून ते आलं म्हटल्यावर त्याला हवं ते आयतंच मिळालं होतं.

ठकीने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग ती कोणाकडेही न पाहता, ताटाच्या कडेला बोट फिरवत बोलू लागली. थंडीत वर गवताची काडी नसते. चार महिने कळप खाली उतरतात, रात्री शेतात बसतात, दिवसा खुंट खातात, त्यावर वर्ष निघतं. ते बंद झालं तर निम्म्या मेंढ्या विकाव्या लागतील. पण ते पुढचं. वर एकतीस घरं आहेत आणि हे आपल्यातलंच कोणीतरी बोललं हे प्रत्येकाला पटलंय. महिनाभर एकमेकांना विचारून झालं, कोणी हो म्हणेना. शेवटी बोट वळलं ते तिच्या नवऱ्याकडे. बायकोच्या माहेरची मर्जी राखायला हा बोलला, दुसरं कोण बोलणार?

"आज संध्याकाळपर्यंत खरं कोण ते कळलं नाही, तर आमचा कळप सामाईक कुरणातून बाहेर. वेगळं काढणार आम्हाला. म्हातारपणी दुसरीकडे कुठे जायचं आम्ही?"

मग पुतणीने चमचा खाली ठेवला. मुलगी हळवी होती, आत्याला पहिल्यांदाच पाहत होती, आणि तिला आत्या आवडल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणूनच ती फार हळू बोलली. म्हणाली, आत्या, काकांना ते सांगता येणार नाही. नाव सांगणार नाही असा शब्द देऊन नाव फोडलं, तर पुढच्या वेळी गरीब माणूस तोंडच उघडणार नाही. काका तो शब्द मोडणार नाहीत, मी त्यांना ओळखते.

दादांना वाटलं, ही मुलगी आत्ता आपल्याला दोन थपडा मारती तर बरं झालं असतं.

धाकट्याची बायको आतापर्यंत वाढत होती. तीस वर्षं तिने या घरात नवऱ्याची बाजू घेतली होती, निदान चारचौघांत तरी. आज तिने ठकीच्या ताटात न विचारता आणखी वाढलं आणि पळी हातात धरूनच दादांकडे वळली.

"नावं नका सांगू, भावजी. एवढंच सांगा, त्या चौघांत हिचा नवरा होता का? नव्हता म्हटल्याने कोणाचं नाव फुटत नाही."

"तू मध्ये बोलू नकोस," धाकटा म्हणाला.

"मग तुम्ही वाढा. मी बोलते."

सगळे दादांकडे पाहू लागले.

"नव्हता," दादा म्हणाले.

हे मात्र अगदी खरं होतं. दादांना ते उच्चारताना घाम फुटला.

"मग सभेत तेवढं सांगशील?" ठकीने विचारलं. दादांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ठकीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, की तू वर आलास तो दिवस कोणता?

उत्तर पुतणीनेच दिलं. फाईल तिच्या शेजारीच होती. महिन्याची चौदा तारीख, गुरुवार, बसचं तिकीट जोडलेलं आहे, शेवटच्या थांब्यापर्यंतचं. काका पुरावा जोडल्याशिवाय पान देतच नाहीत.

"गुरुवार," ठकी म्हणाली, आणि खाली मान घालून जेवू लागली. तिने ताट अगदी स्वच्छ केलं.

*

जेवणानंतर ती त्यांच्या मागोमाग जिना चढून वर आली. दादांनी खोलीतली एकमेव खुर्ची मोकळी करायला तीवरची पुस्तकं उचलली, ती कुठे ठेवावीत ते सुचेना, म्हणून तशीच छातीशी धरून उभे राहिले. ठकी खुर्चीवर न बसता खाटेच्या कडेवर बसली. भिंती पुस्तकांनी भरल्या होत्या, खिडकीची खालची फळीसुद्धा. तिने सगळीकडे नजर फिरवली.

"खाली ठेव ती. पडतील."

त्यांनी ठेवली.

तिने कागद उघडला आणि बोट ठेवून एक ओळ वाचली. ताजं लेंडीखत जमीन जाळतं, वर्षभर कुजल्याशिवाय ते मुळाशी जाऊ देऊ नये. मग म्हणाली, "हे वर कोणी म्हणणार नाही. लेकराला विचारलंस तरी हसेल. मेंढी शेतात बसते ती त्यासाठीच. हे बाबांचं वाक्य आहे."

दादांनी कबूल केलं. बाबांचंच होतं. बाबा ते जन्मभर ज्याला त्याला सांगत आले, आणि मेंढ्यांबद्दल त्यांना स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट तेवढीच होती. लिहायला बसल्यावर हाताशी दुसरं काही आलं नाही.

"बाबांना कोणी सांगितलं?"

हा प्रश्न दादांना कळला नाही. ठकी त्यांच्याकडे पाहत राहिली, थकलेल्या माणसासारखी, आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. बाबा आठ दिवस गावाला गेले होते. मागच्या वाफ्यात रोपं होती आणि शेजाऱ्याकडून आणलेलं लेंडीखत घातलं होतं. पाणी घालायचं काम दादांकडे होतं. दादा तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि त्यांच्या हाती कुठलंसं जाडजूड पुस्तक लागलं होतं. सात दिवस पाणी घालायचं राहिलं. आठव्या दिवशी बाबा आले तेव्हा वाफा करपलेला. आणि दादा म्हणाले, बाबा, खत ताजं होतं, त्याने जमीन जळली असेल.

"मी तिथेच होते. मी काही बोलले नाही, कारण तू मला गप्प बसायला रंगीत पेन्सिल दिली होतीस. बाबांना किती कौतुक वाटलं. पोरगं वाचतंय, त्याला कळतं, म्हणाले."

दादा खुर्चीवर बसले. वाफा त्यांना आठवला. पेन्सिलसुद्धा आठवली, निळी होती. एवढी वर्षं ते ही गोष्ट बाबांची म्हणून सांभाळत आले होते. आपणच ती बाबांच्या हवाली केली होती हे ते साफ विसरले होते, आणि तीच आता सरकारी कागदावर, एकतीस घरांच्या तोंडी घातलेली होती.

"वर कोण भेटलं होतं तुला?" ठकीने विचारलं.

"कोणी नाही."

"हं."

"ठके, मी..."

"मला सांगू नकोस. मला कळलंय. त्यांना सांग."

दादा बोलू लागले तेव्हा त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. पुतणीचं पहिलंच काम आहे, ते म्हणाले. तिने सगळ्यांना वाचून दाखवलंय. एक पान खोटं ठरलं की बाकीची सहाही संशयात येतील, आणि ती खरी आहेत गं, प्रत्येक शब्द खरा आहे. हे सगळं खरंच होतं, पण त्याच्या आडोशाला ते स्वतः उभे होते, आणि समोर बसलेल्या बाईला ते स्पष्ट दिसत होतं.

ठकीने कागदाची घडी घातली. पूर्वी ज्या घड्या पडल्या होत्या त्यांवरच घातली, नीट.

"माझ्या लग्नाला मी घरातल्या एकाच माणसाला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं," ती म्हणाली. "कचेरीच्या पायरीवर दोन तास बसले मी. शेवटी समोरच्या दुकानातल्या शिंप्याने येऊन सही केली. गळ्यात टेप तशीच. भला माणूस होता." ती उठली. "मी मागे बसते. उशीर करू नकोस."

*

गोदामात पोत्यांच्या थप्प्या भिंतीला सारून मधे बाकं टाकली होती. दीडशे माणसं असतील. बागायतदार पुढे, व्यापारी त्यांच्या शेजारी, शेतमजूर बायका डाव्या हाताला दाटीवाटीने. मागच्या दारापाशी मेंढपाळांकडचे पाचसहा जण उभेच होते. बाकं रिकामी असून ते बसले नव्हते. त्यांच्यापासून चार पावलं लांब, एकटा, एक उंच म्हातारा उभा होता. दादांनी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण ठकी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली तेव्हा तो कोण ते कळलं.

पुतणीने पानं वाचायला घेतली. ती चांगलं वाचत असे. शेतमजूर बायकांचं पान आलं तेव्हा त्या एकमेकींना कोपराने ढोसत हसल्या. आपलं बोलणं सरकारी आवाजात ऐकायची त्यांना गंमत वाटत होती. दादा तिसऱ्या रांगेत होते. पाचवं पान संपेपर्यंत त्यांनी तीनदा उठायचं ठरवलं आणि तीनदा चष्मा पुसला. "आता सहावं पान," पुतणी म्हणाली आणि त्यांच्याकडे पाहून जरासं हसली.

त्या हसण्याने ते उठले.

"ते वाचू नकोस," ते म्हणाले. "ते पान खोटं आहे. मी वर गेलो नाही."

अध्यक्ष पाणीवाटपवाल्यांतले एक म्हातारे होते, एका कानाने अधू. त्यांनी हात कानामागे धरला आणि मोठ्याने बोला, म्हणाले. दादांनी पुन्हा सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं की ऐकू येत नाही. मग संघाच्या नोकराने माईक आणला, तो सुरू होईना, त्याने तो दोनदा थोपटला, फुंकर मारली, आणि दादांच्या तोंडासमोर धरला. दादा जन्मात माईकवर बोलले नव्हते.

"सहावं पान मी घरी बसून लिहिलं," गोदामभर त्यांचा आवाज घुमला. "चार मेंढपाळ नव्हते. एकही नव्हता. वरचं कोणी काही बोललेलं नाही. खताचं जे आहे ते माझं आहे, आणि तेही चुकीचं आहे."

तिसऱ्यांदा सांगताना तरी ते सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. ते गेलं नाही.

पुढच्या बाकावरून धाकट्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे वळवली. त्याची मानेमागची कातडी लाल झाली होती. मग शेतमजूर बायकांतली एक पोक्त बाई उभी राहिली. हिच्याबरोबर दादा तीन दिवस बांधावर बसले होते, तिने त्यांना आपल्या डब्यातलं खायला दिलं होतं.

"मग आमचं तरी आम्हीच बोललो होतो ना, मास्तर?"

ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि व्यापारी म्हणाले की मग आमचंही पान पुन्हा तपासा, आम्ही त्यातलं बरंच काही बोललो नव्हतो. ते बोलले होते, दादांना शब्दन् शब्द आठवत होता. पण आता ते सांगायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं.

सभा महिनाभर पुढे गेली. सातही गटांना पुन्हा विचारायचं, दुसऱ्या माणसाने, असं ठरलं. हे ठरत असताना पुतणी उभी राहून सगळं लिहून घेत होती. माणसं पांगल्यावर दादा टेबलापाशी गेले. तिने सहाव्या पानावर काट मारली होती, पट्टी लावून, सरळ.

"तिकीट खरं होतं?" तिने वर न पाहता विचारलं.

"हो."

"म्हणजे तिथपर्यंत गेला होतात."

"हो."

तिने टाचणी काढून तिकीट वेगळं केलं आणि त्यांच्या हातात दिलं. मग फाईल बांधली. 'काका' म्हणाली नाही.

*

थांब्यावर ठकी आणि तिचा नवरा बसले होते. वरचे पाचसहा जण आता त्यांच्या आसपासच उभे होते. त्यातल्या एकाने म्हाताऱ्याला तंबाखू दिली होती आणि तो ती सावकाश मळत होता. दादांना पाहून बाकीचे जरा बाजूला झाले. वाट देण्यासाठी की त्यांच्यापासून लांब व्हायला, ते कळलं नाही.

दादांच्या मुठीत तिकीट होतं. काहीतरी सांगायलाच हवं म्हणून त्यांनी सांगितलं, की मी त्या गुरुवारी खरंच आलो होतो. शेवटच्या थांब्यावर उतरलो. वर उतारावर एक बाई लोकर वाळत घालत होती, लांबून मला ती तू वाटलीस. अर्धा तास मी बाकावर बसलो, आणि त्याच बसने परत गेलो.

"मीच होते," ठकी म्हणाली. "पाहिलं मी तुला. बगलेत पुस्तक धरून त्या थांब्यावर दुसरं कोण उतरणार? ह्यांना म्हटलं, दादा आलाय. आत जाऊन चहा टाकला."

बस वळणावरून येताना दिसली. माणसं उठली. ठकीने पिशवी खांद्याला लावली.

"बस गेल्याचं दिसलं नाही मला, मी आत होते. मला वाटलं, तू चढ चढतोयस, वेळ लागणारच. तुझ्या कपात तीन चमचे साखर घातली होती, तुझ्या सवयीप्रमाणे. मग गार झाला. ह्यांना देऊन पाहिला, पण एवढा गोड ह्यांच्याने पिववेना. ओतून टाकला."

ती बसमध्ये चढली. तिच्या मागून तिचा नवरा चढला. जाताना त्याने दादांकडे पाहून मान किंचित लववली, अनोळखी माणसाकडे पाहून लववतात तशी. दार लागलं.

दादांनी साखर सोडून अकरा वर्षं झाली होती. ते तिला सांगायचं राहिलं, आणि बस चढाला लागून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते.